लिथियमची कल्हई

कल्हईवाल्याच्या कामात कथिलाइतकेच महत्त्व नवसागराला असते. तांब्या-पितळेचे पातेले तो आधी वाळूने घासून स्वच्छ करतो, भात्याने फुललेल्या निखाऱ्यांवर तापवतो आणि मग कापसाच्या बोळ्याने आतून नवसागराची पूड फिरवतो. पांढरा, नाकाला झोंबणारा धूर उठतो. त्यानंतर कथिलाची कांडी तापल्या भांड्याला नुसती टेकवली की वितळते आणि बोळ्याचा हात फिरेल तिथे चांदीसारखी झळाळी पसरत जाते. नवसागर न लावता हाच उद्योग केला तर कथिल पसरत नाही, ते आकसून त्याच्या गोळ्या होतात आणि त्या पातेल्यात इकडून तिकडे घरंगळत राहतात. कथिल तेच, तांबे तेच, आचही तीच. फरक पाडतो तो भांड्यावर चढलेला ऑक्साइडचा अतिपातळ थर. नवसागर तो खाऊन टाकतो, उघड्या तांब्याला कथिल भिडते आणि दोघांच्या सीमेवर तांबे आणि कथिल यांच्या संयुगाचा एक बारीक पापुद्रा तयार होतो. कल्हई धरून राहते ती या पापुद्र्यामुळे. एका धातूवर दुसरा धातू नीट बसायचा असेल, तर सीमेवर दोघांना थोडे तरी एकमेकांत मिसळता आले पाहिजे.

रिचार्ज होणाऱ्या लिथियम धातूच्या बॅटरीत अशीच कल्हई प्रत्येक चार्जिंगला चढते आणि प्रत्येक डिस्चार्जला उतरते. एकदा नव्हे, शेकडो वेळा. तिथे निखारा नसतो आणि हात फिरवणारा कारागीरही नसतो. द्रवातून आलेले लिथियमचे आयन ऋणाग्रापाशी इलेक्ट्रॉन घेतात आणि अणू होऊन पत्र्यावर बसतात. ते सपाट बसले तर बॅटरी टिकते, सुयांसारखे उभे राहिले तर ती लवकर मरते, आणि एखादी सुई समोरच्या अग्रापर्यंत पोहोचली तर आतल्या आत शॉर्टसर्किट होऊन पेट घेते. हे बसणे कसे होईल याचा विचार करताना बहुतेक वेळा द्रवाचा, म्हणजे इलेक्ट्रोलाइटचा विचार झाला. ज्या पत्र्यावर लिथियम बसते तो पत्रा म्हणजे केवळ वीज वाहून नेणारी तार, असे धरून चालले. माझे म्हणणे असे, की तळाचा हा पदार्थ लिथियम कुठे बसेल आणि कोणत्या आकारात वाढेल यावर सुरुवातीपासून हुकमत गाजवतो, आणि ती हुकमत पहिल्या क्षणापुरती नसते. ती का नसते, हे समजायला आधी लिथियमचा मोह समजून घ्यावा लागेल.

लिथियम हा सर्वांत हलका धातू. त्याची घनता पाण्याच्या जेमतेम निम्मी, एका घन सेंटीमीटरला 0.534 ग्रॅम. एक ग्रॅम लिथियम 3860 मिलिअँपिअर-तास इतका विद्युतभार देऊ शकते. आजच्या मोबाइलमध्ये आणि गाड्यांमध्ये ऋणाग्र म्हणून जे ग्रॅफाइट असते, त्याच्या एका ग्रॅममध्ये 372 मावतात. दहापटीहून जास्त अंतर आहे हे. म्हणूनच 1970च्या दशकात एक्सॉन कंपनीत काम करणाऱ्या स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी रिचार्ज होणारी लिथियम बॅटरी मांडली, तेव्हा टायटॅनियम डायसल्फाइडच्या समोर धातुरूप लिथियमच ठेवले होते. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात मोली एनर्जी या कॅनडातील कंपनीने लिथियम धातूच्या रिचार्जेबल बॅटऱ्या बाजारात आणल्या. जपानमध्ये मोबाइल फोनमधल्या या बॅटऱ्यांना आगी लागल्या आणि 1989 मध्ये त्या परत मागवाव्या लागल्या. दोन वर्षांनी, 1991 मध्ये, सोनीने जी बॅटरी विकायला काढली तिच्यात धातुरूप लिथियम नव्हतेच. कार्बनच्या थरांमध्ये लिथियम, पुस्तकाच्या पानांत खुणेची चिठ्ठी सरकवावी तसे, सरकून बसत होते. ग्रॅफाइटमध्ये सहा कार्बन अणूंमागे जास्तीत जास्त एक लिथियम. वजन वाढले, पण सुया गेल्या. आपण गेली तीस-पस्तीस वर्षे जगलो ते या तडजोडीवर, आणि व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना 2019 चे नोबेल मिळाले तेही याच कामासाठी.

या तडजोडीत तांब्याचा प्रवेश कसा झाला, हे नीट पाहण्यासारखे आहे. बॅटरीच्या धन बाजूला ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. तो हलका, स्वस्त. मग ऋण बाजूलाही तोच का नाही? कारण ऋण बाजूच्या व्होल्टेजला लिथियम ॲल्युमिनियममध्ये शिरते, त्याच्याशी मिश्रधातू करते आणि शिरता-निघता पत्र्याचा भुगा पाडते. तांब्याशी लिथियम असले काही करत नाही. त्यांची संयुगे होत नाहीत, तांबे घन लिथियममध्ये विरघळत नाही. ही अलिप्तता ग्रॅफाइटच्या बॅटरीत मोठा गुण ठरली, कारण तिथे पत्र्याचे काम ग्रॅफाइटला आधार देणे आणि वीज वाहणे एवढेच होते. पुढे ग्रॅफाइट काढून टाकून उघड्या तांब्यावरच लिथियम बसवू, अशी कल्पना आली. तिला ॲनोडविरहित बॅटरी म्हणतात. कारखान्यातून निघताना तिच्या ऋण बाजूला तांब्याशिवाय काहीच नसते. सगळे लिथियम धन बाजूच्या पदार्थात असते आणि पहिल्या चार्जिंगला ते तांब्यावर येऊन बसते. म्हणजे लिथियमला जवळ करत नाही म्हणून जो धातू निवडला होता, त्यालाच आता लिथियमचे पाळणाघर व्हायला सांगितले गेले. पत्रा बदलला नाही, त्याचे काम बदलले.

अलिप्त पृष्ठभागावर काय होते, हे अळूच्या पानावर पडलेल्या पाण्यात दिसते. पाणी पसरत नाही, थेंब होऊन थरथरत राहते, कारण पानाला चिकटण्यापेक्षा स्वतःला धरून राहणे त्याला स्वस्त पडते. तांब्यावर आलेल्या लिथियमच्या पहिल्या अणूंचा हिशेबही असाच असतो. एकटादुकटा अणू तिथे टिकत नाही. काही अणू एकत्र येऊन एक विशिष्ट आकार गाठतात तेव्हाच त्यांचे बीज होते आणि ते पुढे वाढू लागते. त्या आकारापर्यंत पोहोचण्यासाठी जास्तीची ऊर्जा मोजावी लागते. ही किंमत प्रयोगशाळेत आलेखावर अगदी स्पष्ट दिसते. एका बाजूला लिथियम, दुसऱ्या बाजूला कोरे तांबे ठेवून बारीक, स्थिर प्रवाह सोडला, तर व्होल्टेजची रेघ उतरत उतरत शून्याखाली जाते, एका जागी टोकदार खळगा करते, तिथून थोडी वर येते आणि मग आडवी, सपाट चालू लागते. सपाट भाग म्हणजे लिथियमवर लिथियम बसत असल्याचा काळ. खळगा म्हणजे पहिले बीज पडण्याची वेळ. दोघांच्या पातळीतला फरक हे त्या तळाने वसूल केलेले प्रवेशशुल्क समजा. तांब्यावर ते सुमारे 40 मिलिव्होल्ट असल्याचे मोजले गेले आहे. ऐकायला किरकोळ, पण सगळा पुढचा आकार या खळग्यात ठरू लागतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठात यी छ्वे यांच्या गटाने 2016 मध्ये हाच खळगा वेगवेगळ्या पदार्थांवर मोजून प्रसिद्ध केला. सोने, चांदी, जस्त, मॅग्नेशियम यांच्यावर खळगा जवळजवळ नाहीच. रेघ शून्याच्या वर असतानाच एक-दोन पायऱ्या घेते, कारण लिथियम आधी त्या धातूशी मिश्रधातू करत असते, आणि तिथून ती सरळ घसरत सपाट भागाला मिळते. तांबे आणि निकेल यांच्यावर खोल खळगा. इथवर कोणीही म्हणेल, की जो पदार्थ लिथियमशी मिश्रधातू करतो तो त्याला जवळ करतो, बाकीचे दूर लोटतात. पण सिलिकॉन आणि कथिल हे दोघे लिथियमशी भरभरून संयुगे करतात आणि तरी त्यांच्यावर खळगा उरतो. मला या अभ्यासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते, कारण सोपे उत्तर इथे अडते आणि खरे कारण पुढे येते. त्या गटाने दोन धातूंच्या मिश्रणाच्या जुन्या नकाशांकडे, म्हणजे फेज डायग्रॅमकडे, बोट दाखवले. संयुग होणे पुरेसे नाही. तो पदार्थ घन लिथियममध्ये थोडा तरी विरघळला पाहिजे. सोने, चांदी, जस्त, मॅग्नेशियम विरघळतात. सिलिकॉन आणि कथिल विरघळत नाहीत. विरघळणारा धातू असला की शुद्ध लिथियम बसण्याआधी पृष्ठभागावर असा एक थर तयार होतो ज्याची स्फटिकरचना लिथियमचीच असते, फक्त त्यात सोन्याचे किंवा चांदीचे थोडे अणू असतात. पुढून येणाऱ्या लिथियमला तो थर परका वाटत नाही. कल्हईतल्या पापुद्र्यापेक्षाही हे नाते जवळचे आहे, कारण तिथे मधला थर तिसऱ्याच संयुगाचा असतो आणि इथे तो लिथियमच्याच घडणीचा.

याच अभ्यासात तांब्यावर सोन्याच्या पट्ट्या उमटवून लिथियम सोडले, तेव्हा ते सोन्यावर बसले आणि मधले तांबे कोरे राहिले. मग कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ गोळ्यांच्या आत सोन्याचे कण ठेवून पाहिले. लिथियम गोळ्यांच्या बाहेर न साचता आत शिरून भरले, जसे विरजण टाकल्या जागेपासून दही लागत जावे. नेहमीच्या कार्बोनेट द्रवातही, जो लिथियमला कुरतडतो म्हणून बदनाम आहे, चार्ज-डिस्चार्जच्या 300 हून जास्त फेऱ्यांपर्यंत दर फेरीला 98 टक्के लिथियम परत मिळत राहिले. तळ लिथियमला जागा दाखवू शकतो, याचा याहून थेट पुरावा मागता येणार नाही.

यावर एक बारीक शंका घेतली जाते आणि ती घ्यायलाच हवी. छ्वे यांच्याच गटाने 2017 मध्ये तांब्यावरच्या बीजांची मोजदाद केली. जादा व्होल्टेज जितके जास्त तितकी बीजे लहान, आणि त्यांची संख्या व्होल्टेजच्या घनाच्या प्रमाणात वाढते. जादा व्होल्टेज दुप्पट झाले की बीजे आकाराने निम्मी आणि संख्येने आठपट. मग अडथळा चांगलाच नव्हे का? खूप आणि बारीक बीजे म्हणजे दाट पेरणी. याला उत्तर असे, की ही पेरणी दाट झाली तरी ती तांब्यावर मोकळी मोकळी उभी राहते, आणि बारीक बीजांचे एकूण पृष्ठफळ प्रचंड असते. लिथियमचा उघडा पृष्ठभाग द्रवाला भिडला की लगेच त्यावर साय धरते. दुधावरच्या सायीसारखाच हा थर. इमॅन्युएल पेलेड यांनी 1979 मध्ये त्याला नाव देऊन त्याचे शास्त्र मांडले. साय आतल्या लिथियमचे रक्षण करते, पण ती तयार होताना थोडे लिथियम आणि थोडा द्रव कायमचा खाते. पृष्ठफळ जितके जास्त तितकी साय जास्त आणि तोटा जास्त. त्यामुळे प्रश्न बीजांच्या संख्येचा नसून तळ सगळीकडे सारखा लिथियम स्वीकारतो का, याचा आहे. चांदीचा थर दिलेल्या तळावर बीज पडण्यासाठी ओरखडा किंवा स्फटिकांची सांध शोधावी लागत नाही. तांब्यावर लागते. बाजारातल्या पत्र्यावर लाटण्याच्या खुणा असतात, हवेत धरलेल्या ऑक्साइडचे ठिपके असतात, आणि लिथियम त्या खुणा गिरवत बसते.

तोटा म्हणजे नेमका किती, हे आकड्यांत पाहिल्याशिवाय या चर्चेचा ताण कळत नाही. दर फेरीला 99 टक्के लिथियम परत मिळाले, म्हणजे शंभरात एकच हरवले, तर ॲनोडविरहित बॅटरीत शंभर फेऱ्यांनी 37 टक्केच उरते, कारण तिथे राखीव साठा नाही. 99.9 टक्के मिळाले तर शंभर फेऱ्यांनंतर 90 टक्के उरते. एका दशांश टक्क्यासाठी आयुष्यभर झगडणारे संशोधक आहेत ते यामुळे. आणि हरवलेले लिथियम जाते कुठे? बरीच वर्षे समज होता की ते मुख्यतः सायीत जाते. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील शर्ली मेंग यांच्या गटाने 2019 मध्ये एक सुंदर, साधी युक्ती वापरली. वापरलेल्या बॅटरीच्या पत्र्यावर पाणी घातले. धातुरूप लिथियम असेल तर पाण्यातून हायड्रोजन सुटतो, सायीतल्या संयुगांतून सुटत नाही. निघालेला हायड्रोजन मोजला आणि कळले, की तोट्याचा मोठा वाटा धातुरूपातच पडून राहिलेल्या लिथियमचा आहे. सुया मुळाशी विरघळतात, वरचा भाग पत्र्यापासून तुटतो आणि सायीच्या पाकिटात अडकून राहतो. जिवंत धातू, पण वीज पोहोचत नाही म्हणून निरुपयोगी. त्याला मृत लिथियम म्हणतात. तुटणे ही मुळाशी घडणारी गोष्ट आहे आणि मूळ तळाला टेकलेले असते, म्हणून इथे पुन्हा तळ हिशेबात येतो.

आता सर्वांत मोठा आक्षेप. तळाचा प्रभाव पहिल्या काही अणुथरांपुरता. एकदा तांबे झाकले गेले की लिथियम लिथियमवरच बसते, मग खाली सोने असो की तांबे, काय फरक? जाड लिथियमचा पत्रा घेऊन बनवलेल्या बॅटरीत हा आक्षेप बराचसा खरा आहे, कारण तिथे तळ उघडा पडतच नाही. पण जी बॅटरी ऊर्जेच्या हिशेबाने खरोखर हवी आहे, तिच्यात जादा लिथियम नसते. दर चौरस सेंटीमीटरला 4 मिलिअँपिअर-तास इतका भार साठवला, तर चार्जिंगच्या शेवटी लिथियमचा थर साधारण 20 मायक्रॉन जाड होतो आणि डिस्चार्जच्या शेवटी तो जवळजवळ संपतो. तांबे पुन्हा उघडे पडते. पुढच्या चार्जिंगला पुन्हा पहिला अणू, पुन्हा तोच खळगा. ज्याला आपण पहिला क्षण म्हणतो तो बॅटरीच्या आयुष्यात शेकडो वेळा येतो, आणि प्रत्येक वेळी तळावर आधीच्या फेरीच्या सायीचे तुकडे आणि मृत लिथियम पडलेले असते. पहिल्या फेरीतल्या चुका दुसऱ्या फेरीचा तळ बनतात.

बॅटरी नुसती पडून असतानाही तळ स्वस्थ बसत नाही. तांब्याला टेकलेले लिथियम आणि शेजारी द्रवाला भिडलेले उघडे तांबे, अशी जोडी असली की लिथियममधले इलेक्ट्रॉन तांब्यातून जाऊन तिथे द्रवाशी विक्रिया करतात आणि लिथियम झिजत राहते. लोखंडी पाइपला पितळी तोटी जोडली की सांध्याजवळचे लोखंड लवकर गंजते, त्याच्याच जातीची ही क्रिया. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लिथियम धातूचे ऋणाग्र केवळ 24 तास ठेवून दिले, तरी क्षमतेचा किमान 2-3 टक्के भाग गेलेला दिसला. सगळा दोष तांब्याचा नाही, पण लिथियमने पत्रा सलग झाकला असता तर झिजेचे हे दार तरी बंद झाले असते.

दुसरा आक्षेप द्रवाच्या बाजूने येतो आणि त्याच्यामागे भक्कम पुरावा आहे. अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2015 मध्ये दाखवले, की लिथियमचा एक विशिष्ट क्षार खूप दाट विरघळवलेला द्रव वापरला, तर साध्या तांब्यावर 99.1 टक्क्यांपर्यंत लिथियम परत मिळते. सुयांऐवजी गाठीगाठींचे लिथियम बसते. कॅनडातील डलहौसी विद्यापीठात जेफ डान यांच्या गटाने 2019 मध्ये दोन क्षारांचा द्रव वापरून ॲनोडविरहित बॅटरीत 90 फेऱ्यांनंतर 80 टक्के क्षमता राखली. तांबे तेच, नेहमीचे. दर फेरीच्या हिशेबाने पाहिले तर छ्वे यांच्या सोन्याचे कण भरलेल्या गोळ्यांनी दिलेल्या 98 टक्क्यांपेक्षा हे आकडे वरचे आहेत, आणि जो कोणी तळाची बाजू मांडतो त्याने हे झाकून ठेवू नये. मी यातून असे समजतो, की सायीचा दर्जा आणि त्यामुळे दर फेरीचा तोटा ठरवण्यात द्रवाचा हात वरचा आहे. पण द्रव सगळ्या पृष्ठभागाला सारखाच भिडतो. लिथियमने नेमके कुठे बसावे, आधी कुठे आणि नंतर कुठे, हे त्याला सांगता येत नाही. ते तळाला सांगता येते. त्यातही साय तांब्यावर धातू बसण्याआधीच, व्होल्टेज उतरत असतानाच, धरू लागते, म्हणजे ती धरताना तिच्या एका बाजूला द्रव आणि दुसऱ्या बाजूला तळ असतो. लिथियम मग या सायीखाली, तिच्या आणि पत्र्याच्या मधल्या फटीत जमते. ही दोन कामे वेगळी आहेत हे लक्षात घेतले तर द्रव विरुद्ध तळ हा वादच उरत नाही. साध्या तांब्यावर चांगल्या द्रवाने मिळालेले यश चांगल्या तळावर कमी होईल, असे मानायला काही आधार नाही.

वजनाचा आणि किमतीचा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. 10 मायक्रॉन जाडीच्या तांब्याच्या एका चौरस सेंटीमीटरचे वजन जवळपास 9 मिलिग्रॅम. त्याच्या दोन्ही बाजूंना 4-4 मिलिअँपिअर-तासांचे लिथियम बसवले तर त्या लिथियमचे वजन सुमारे 2 मिलिग्रॅम. म्हणजे वाहणारा ओझ्यापेक्षा चौपट जड आहे. अशा ठिकाणी तांब्याचे जाड, सच्छिद्र फेस, नळ्यांची जंगले, खांबांच्या रांगा असे तळ सुचवणारे शेकडो शोधनिबंध निघाले. त्यात लिथियमला जागा मिळते, प्रवाह वाटला जातो हे खरे. पण वजन वाढते, पृष्ठफळ वाढल्याने साय जास्त लिथियम खाते आणि पोकळी भरायला द्रवही जास्त लागतो. लिथियमसाठी वाडा बांधायचा आणि वाड्याच्या भिंतींनीच अंगण खाऊन टाकायचे, अशी गत. माझा कल स्पष्टपणे पातळ थराकडे आहे. पत्रा तोच ठेवून त्यावर लिथियमस्नेही पदार्थाचा थोडा लेप.

असा लेप कागदावरची कल्पना राहिलेला नाही. सॅमसंगच्या संशोधकांनी मार्च 2020 मध्ये द्रवाऐवजी घन सल्फाइड असलेली बॅटरी जाहीर केली. तिच्या ऋण बाजूला लिथियम नव्हते आणि जाड ग्रॅफाइटही नव्हते. होता तो चांदी आणि कार्बन यांच्या अतिसूक्ष्म कणांचा सुमारे 5 मायक्रॉनचा थर. चार्ज होताना लिथियम या थरातून जाते, वाटेत चांदीत मिसळते आणि थराच्या पलीकडे, स्टीलच्या पत्र्यापाशी, धातू म्हणून साचते. घन सल्फाइडला ते थेट भिडत नाही, म्हणून त्यात चिरा पाडून घुसण्याची भीती कमी होते. एक लिटर आकारमानाला 900 वॅट-तासांहून जास्त ऊर्जा आणि 1000 फेऱ्यांचे आयुष्य त्यांनी नोंदवले. चांदी महाग हे खरे, पण इथे ती विरजणाइतकीच लागते. मला त्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. चांदी आपल्या जागी राहिली नाही. लिथियममध्ये विरघळून ती त्याच्याबरोबर पत्र्याच्या दिशेने सरकली. तळ म्हणजे स्थिर जमीन अशी जी आपली कल्पना असते ती इथे मोडते. चांगला तळ लिथियममध्ये थोडा हरवतो, आणि 2016 च्या त्या नकाशांनी सांगितलेली अट नेमकी हीच होती.

घन बॅटरीत तळाचे दुसरे तोंडही असते, कारण लिथियमच्या दोन्ही बाजूंना घन पदार्थच असतात. गार्नेट नावाच्या सिरॅमिकवर लिथियम धड टेकत नव्हते. मेरीलँड विद्यापीठाने 2017 मध्ये त्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर दिला, तेव्हा सांध्याचा रोध एका चौरस सेंटीमीटरला 1710 ओहमवरून 1 ओहमवर आला. नवसागराची इतकी नेमकी आठवण करून देणारे उदाहरण दुसरे नाही, जरी इथे थर काढला नाही, चढवला.

शेवटी एक आक्षेप उरतो, जो माझ्या मांडणीच्या मुळावर येतो असे प्रथमदर्शनी वाटते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात युझांग ली यांच्या गटाने 2023 मध्ये लिथियम इतक्या वेगाने बसवले, की साय धरायला वेळच मिळाला नाही. नेहमीच्या चार्जिंगच्या शेकडो पट प्रवाह. तेव्हा लिथियमचे जे कण मिळाले त्यांना सुया नव्हत्या, फांद्या नव्हत्या. बारा सारख्या समभुज पैलूंचे, हिऱ्यासारखे कापलेले स्फटिक होते, आणि द्रव बदलला, तळ बदलला, तरी आकार तोच राहिला. लिथियमचा स्वतःचा, कोणाच्या दबावाखाली नसलेला आकार हा असा. म्हणजे तळाला काही म्हणण्याचा अधिकार उरला नाही? त्या वेगाला उरला नाही, हे मान्य. पण त्या वेगाने कोणतीही बॅटरी चार्ज होत नाही, आणि हे त्या संशोधकांनाही ठाऊक होते. म्हणून पुढचा प्रयोग त्यांनी वेगळा केला. आधी क्षणभर प्रवाहाचा जोराचा झटका देऊन पत्र्यावर हे बारा पैलूंचे स्फटिक पेरले आणि मग नेहमीच्या संथ वेगाने लिथियम सोडले. नंतर आलेले लिथियम त्या स्फटिकांवर दाट, घट्ट बसत गेले आणि बॅटरीची कामगिरी सुधारली. तांबे तेच होते, द्रव तोच होता. बदलली होती ती झटक्याच्या त्या क्षणात पडलेली बीजे, आणि या वेळी तळ म्हणून ती लिथियमचीच होती.